टेलला आधी

जगातली प्रत्येक गोष्ट पाण्यासारखी वाहते आणि म्हणून ती पाळीपाळीनेच सोडली पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या दवाखान्याच्या डोक्यावर राहतो. ते माझे घरमालक, म्हणजे काका. मी दातांची डॉक्टर. माजलगावात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराच्या तळमजल्यावर पुढे माझा दवाखाना आहे आणि मागच्या दोन खोल्यांत मी राहते. नवरा पुण्याला कंपनीत आहे. ‘काही दिवस असं राहू, मग बघू’ असं लग्नाच्या वेळी आमचं ठरलं होतं. ते काही दिवस अजून चालू आहेत. घरमालकांची सगळी नोकरी धरणाच्या कालव्यावर गेली. कुठल्या गावाला पाणी कधी सोडायचं, कोणाच्या उसात ते जास्त गेलं, कोणी चोरून कालवा फोडला, हे पाहत त्यांनी मोटारसायकलवर जन्म काढला. सरकारने त्यांना निवृत्त केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण ती गोष्ट त्यांनी अजून मनावर घेतलेली नाही.

कालव्याचा एक नियम आहे, जो भाड्याचं बोलणं करायला गेले त्या दिवशी भाड्याच्या आधी मला ऐकवण्यात आला. पाणी सुटलं की ते पहिल्यांदा शेवटच्या टोकाच्या शेताला द्यायचं. त्या टोकाला हे लोक ‘टेल’ म्हणतात. टेलचं भिजलं की मग मागे मागे सरकत धरणाजवळच्यांना, म्हणजे ‘हेड’ला. ‘जवळचा मानूस कसाबी घेतो ओ मॅडम. लांबच्याला समदे इसरतेत. म्हून टेलला आधी.’ नियम चांगला आहे. फक्त काकांनी तो कालव्यापुरता ठेवला नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी तळमजल्याला, म्हणजे मला, आणि मग वर. त्यामुळे उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात नळाला धार असते आणि घरमालक स्वतः बादली घेऊन खाली येतात. दिवाळीचा फराळ ते गल्लीच्या पार टोकाच्या घरापासून वाटत येतात आणि आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा डब्यात चिवड्याचे फक्त कढीपत्ते उरलेले असतात. वडवणीला पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी वाढप्याच्या हातातली बुंदीची परात काढून घेतली आणि थेट शेवटच्या पंगतीकडे चालू लागले. पहिल्या पंगतीत नवरीचे मामा बसले होते. ते मामा आजही काकांशी बोलत नाहीत आणि काकांना त्याचं काडीचं दुःख नाही. ‘मामा हेडला बसलते,’ एवढंच ते सांगतात.

दुसरा नाद मोजण्याचा. पाण्याची खोली मोजायची आकडे रंगवलेली एक जुनी लाकडी पट्टी त्यांच्याजवळ आहे. तिला ते ‘गेज’ म्हणतात आणि लोक जशी छत्री बाळगतात तशी ती बाळगतात. दुधाच्या पातेल्यात, देवाच्या समईत, नगरपालिकेने गल्लीत खणून ठेवलेल्या खड्ड्यात, सगळीकडे ती बुडते. एकदा खड्ड्यातलं पाणी मोजून त्यांनी रिक्षावाल्याला हात दाखवला आणि ‘इशारा पातळी हाय, परत फिर’ असं इतक्या अधिकाराने सांगितलं की तो बिचारा प्रवाशांसकट परत फिरला. शबानाबी, माझ्याकडे हत्यारं धुण्यापासून नावं पुकारण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या बाई, त्यांना कधी हसत नाहीत. ‘सरकारी मानूस हाय मॅडम, सवय जाती काय,’ म्हणतात आणि तोंड फिरवून पदरात हसतात.

पण या माणसाचं खरं वेड पाणी नव्हतं, काकू होत्या. मी राहायला आले तेव्हा रोज सकाळी डोक्यावरून चमत्कारिक आवाज यायचे. ‘हूंऽऽ?’ असा एक लांब, वर चढत जाणारा. मग ‘हूं, हूं,’ असे दोन आखूड. मग बराच वेळ शांतता आणि एकदम दोघांचं नाकातून खिदळणं. मला वाटलं, कोणी तरी आजारी आहे. एकदा पाण्याचं विचारायला वर गेले तर मागच्या जिन्याच्या तोंडाशी, गच्चीच्या पायरीजवळ, दोन पाटांवर दोघं बसलेली, मध्ये पितळेची डबी, आणि दोघांच्या गालांत आणि बोटांना काळी मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि ती पूड दातांवर घासत बसायची, हा आमच्याकडच्या घराघरातला जुना उद्योग. पण नवराबायकोने मिळून, एका डबीतून, अर्धा तास बसून घासायचा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलणं सगळं नाकातून. काकूंचा लांब ‘हूंऽऽ?’ म्हणजे ‘चहा ठेवू का?’ आणि काकांचे दोन आखूड म्हणजे ‘ठेव’. बाकीचं मला कधी कळलं नाही, पण त्या दोघांना सगळं कळायचं. एरवी दिवसभर काका अख्ख्या गल्लीशी बोलत असत आणि काकूंशी एक शब्द नाही. काकू म्हणायच्या, ‘त्याहीचं माझं जे काय बोलनं हाय ते सकाळीच होतंय.’

काकूंच्या तोंडात तेव्हा जेमतेम चार दात शिल्लक होते. मी डॉक्टरकीच्या उत्साहात त्यांना खाली बोलावलं, तर म्हणाल्या, ‘आले तवा मला इचारून आले न्हाईत माय, जातेत तर मी कावून अडवू?’ त्यांच्याशी वाद घालणं शक्य नव्हतं. त्या हसल्या की आपणही हसायचं एवढंच हातात असे.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. भाकरी थापता थापता बसल्या त्या उठल्याच नाहीत. माणसं आली, दिवस झाले, अमेरिकेतली मुलगी येऊन रडून परत गेली. आणि एका सकाळी खाली दात घासत असताना मला वरून ऐकू आलं, ‘हूं, हूं.’ दोन आखूड. त्याच्या आधीचा लांब आवाज नव्हता. मी ब्रश तोंडात तसाच धरून उभी राहिले. खरं सांगते, मला स्वतःच्या घरचं कोणी गेल्यावर जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं त्या दिवशी बेसिनपाशी आलं.

काका पेशंट म्हणून खाली आले ते त्यानंतर वर्षभराने. आले ते गेज घेऊनच. ‘भाकर चावली की दात हालतेत,’ म्हणाले. खुर्चीवर आडवं व्हायला तयार होईनात, कारण ‘आडवं झाल्यावर लेव्हल बराबर येत न्हाई’. शबानाबींनी दटावलं तेव्हा पाठ टेकली. दात आणि हिरडी यांच्यातली फट किती खोल गेली आहे हे मोजायला आमच्याकडे एक बारीक सळई असते, तिच्यावर खुणा असतात. ती पाहिली मात्र, काका उठून बसले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ‘आरं! ह्ये तर आमचं गेज हाय!’ पुढचा सगळा वेळ ते माझे साहेब झाले. ‘टेलपासून घ्या,’ त्यांनी हुकूम केला, म्हणजे शेवटच्या दाढेपासून. मी आकडा सांगितला की ते उघड्या तोंडाने ‘आँ’ करत बोटांनी मोजायचे. खालच्या डाव्या शेवटच्या दाढेपाशी सळई जवळजवळ निम्मी आत गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘इशारा पातळी?’ मी म्हटलं, ‘धोका पातळी, काका.’

हिरड्यांचा आजार असा गुपचूप खोल जातो. दात दिसायला धड असतो आणि खालचं हाड झिजलेलं असतं. मी त्यांना सगळं सांगितलं. हिरडीखालचा घट्ट झालेला थर खरवडून काढायचा, दोन वेळा नीट ब्रश करायचा आणि मिश्री कायमची बंद. थर काढण्याचं त्यांना लगेच पटलं. ‘गाळ काढल्याबिगर पानी सोडून उपेग न्हाई,’ म्हणाले. ब्रशचंही पटलं. मिश्रीचं नाव निघालं तशी त्यांची नजर माझ्यावरून उठली आणि कोपऱ्यातल्या माझ्या नव्या यंत्रावर जाऊन बसली. ‘आन् ते काय हाय?’

ते लेसरचं यंत्र होतं. केसासारख्या बारीक तारेतून त्याचा प्रकाश निघतो. हिरड्यांची साफसफाई झाली की ती तार फटीतून फिरवायची. उरलेले जंतू मरायला मदत होते, सूज लवकर उतरते. कोणाला थोडा फायदा होतो, कोणाला फारसा जाणवत नाही, म्हणून मी कोणाला आग्रह करत नाही. हे मी काकांना सांगितलं आणि वर हेही सांगितलं की लेसर हा मुख्य उपचार नव्हे, तो साफसफाईच्या जोडीला असतो. काकांनी मोठ्या गांभीर्याने मान हलवली. माणूस जेव्हा इतक्या गांभीर्याने मान हलवतो तेव्हा त्याने शब्दही ऐकलेला नसतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. त्यांच्या डोक्यात हिशेब झाला होता. दात वाचवायला लेसर आहे म्हटल्यावर मिश्रीला हात लावायची गरजच काय?

लेसरच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. या कामात डोळे सांभाळायला पेशंट, डॉक्टर, मदतनीस सगळ्यांनी रंगीत चष्मे लावायचे असतात. काकांना तो चष्मा इतका आवडला की काम संपल्यावर तो लावूनच ते बाहेर बसलेल्या लोकांत गेले आणि प्रत्येकाला माहिती देत सुटले. ‘दुखत न्हाई. फकस्त टुकटुक वाजतंय. टेलपासून मारलाय.’ गेवराईहून नातवाचा दात दाखवायला आलेल्या एका आजींनी त्यांना डॉक्टर समजून नातू पुढे केला आणि काकांनी त्याचं तोंड उघडून आत पाहिलंही. ‘गाळ हाय,’ एवढं निदान करून मग त्याला माझ्याकडे पाठवलं. मुलीला पाठवायला त्यांनी चष्म्यासकट फोटो काढून घेतला. मुलीचं उत्तर आलं का, हे मी बरेच दिवसांनी विचारलं. ‘तिकडं रात असती,’ ते म्हणाले. अमेरिकेत सदासर्वदा रात्रच असते असा काकांचा समज आहे आणि तो मी मोडलेला नाही.

सहा-सात आठवड्यांनी पुन्हा मोजायचं होतं. काका वाजतगाजत आले. मी टेलपासून सुरुवात केली आणि माझं डोकं तापत गेलं. फट होती तेवढीच. दाढ आणखी हलत होती. आणि हिरडीच्या कडेला काळी रेघ. मी सळई ट्रेमध्ये आपटली.

‘काका, मिश्री चालू आहे.’

‘हाय की. पन लेसर मारलाय ना तुमी?’

‘लेसर जोडीला असतो म्हटलं होतं! मी इकडे गाळ काढायचा आणि तुम्ही रोज सकाळी कालवा फोडायचा? चोर पण तुम्हीच आणि साहेब पण तुम्हीच?’

हा घाव वर्मी बसला. आयुष्यात त्यांना कोणी कालवा फोडणारा म्हटलं नव्हतं. शबानाबी चूळ भरायचा पेला हातात धरून तशाच थांबल्या.

‘एकदा आनखी मारून बघा,’ काका हळूच म्हणाले. ‘जरा जास्त पावरनं.’

‘कितीही मारला तरी काही होणार नाही. मिश्री ठेवा किंवा दात ठेवा. दोन्ही राहणार नाही. ही दाढ तर जाईलच, मागोमाग पुढचेही जातील.’

त्यांनी नजर दिव्याकडे वळवली. मग विचारलं, ‘सोडली तर सकाळी काय करायचं?’

आमच्याकडे निम्मे लोक मिश्री पोट साफ व्हायला लावतात. मला वाटलं, तीच अडचण आहे. मी म्हटलं, ‘उठल्यावर कोमट पाणी प्या. एरंडेल देऊ का लिहून?’

काका खुर्चीवरून उतरले, चष्मा जागच्या जागी ठेवला, गेज उचललं. दारात थांबून म्हणाले, ‘न्हाई. पोट साफ हाय माझं.’

ते गेल्यावर शबानाबी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मॅडम, तुमी बी लई हुशार हायत.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मिश्री त्यांना ना दातांसाठी हवी होती, ना पोटासाठी. तो सकाळचा अर्धा तास हवा होता. काकूंचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं आणि मी त्यांना एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला दाढ ठेवून ‘निवडा’ म्हटलं होतं. पण दात तर खरंच चालले होते. दुसरा काही मार्ग असता तर मी सांगितला नसता का? मी दुसऱ्यांदा साफसफाई केली, पुन्हा लेसरही फिरवला. काका आले, तोंड उघडलं, बंद केलं आणि गेले. चष्म्याशी खेळले नाहीत. टेलपासून घ्या असंही म्हणाले नाहीत. वरून सकाळचे आवाज बंद झाले. टाकीचं पाणी तेवढं नियमाने आधी मला येत होतं.

मग दीडेक महिन्याने, नवरा यायचा होता तो आला नाही असा एक रविवार होता. दवाखाना बंद, शबानाबींना सुट्टी, बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चाललेले. मी खोलीत नुसती बसून होते आणि जिन्यावरून वास आला. तंबाखू भाजल्याचा. खमंग, डोक्यात जाणारा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मेहनत, एवढं समजावणं आणि म्हाताऱ्याने पुन्हा तवा चढवला! मी चप्पल न घालताच वर धावले.

काका पायरीजवळ पाटावर बसले होते. समोर दुसरा पाट. मध्ये पितळेची डबी, ताज्या मिश्रीने काठोकाठ भरलेली, झाकण उघडं. बोटं स्वच्छ होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान मागे टाकून तोंड उघडलं आणि बोट शेवटच्या दाढेकडे नेलं.

‘बघा. टेलपासून बघा.’

मी वाकून उजेडात पाहिलं. काळी रेघ नव्हती. हिरडी गुलाबी झाली होती, दाताला धरू लागली होती. मी बोटाने दाढ हलवून पाहिली. ती आता पूर्वीसारखी डुलत नव्हती.

‘तोंडात न्हाई घेतली,’ ते म्हणाले. ‘तुमी म्हनल्या त्या दिसापासून न्हाई. आज नुसती भाजली. रविवारी तुमची काकू भाजायची ना. वास सुटला की घरात कुनीतरी हाय असं वाटतंय.’

रागाने वर आलेल्या माणसाला राग एकदम काढून घेतला की उभं कसं राहायचं तेच कळत नाही.

‘बसतो तेवढ्या टायमाला,’ ते पुढे म्हणाले. आणि मग, आजवर मला ‘मॅडम’शिवाय हाक न मारलेला तो माणूस म्हणाला, ‘पन एक वांधा झालाय, माय. तोंड मोकळं ऱ्हायलं की बोलावं वाटतंय. आन् मोकळ्या तोंडानं आमी दोघं कधी बोललोच न्हाई. आता बोललो तर तिला कळंल का, ह्यो मीच हाय म्हून?’

मी तिथेच पायरीवर बसू लागले. समोरचा पाट त्यांनी माझ्याकडे सरकवला नाही आणि मला ते बरं वाटलं. ते उठले, आतून तिसरा पाट आणला, त्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि दोघांच्या जरा बाजूला मांडला. आम्ही बसलो. एक ट्रॅक्टर गेला. दुसरा गेला. खाली माझ्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, वर त्यांच्या तीन, आणि गल्लीभर रविवार पसरलेला. कोणाला सांगितलं तर हसतील, पण मी ओठ मिटले, गाल जरा फुगवले आणि नाकातून, जमेल तसा वर चढवत म्हटलं, ‘हूंऽऽ?’

काका दचकले. माझ्याकडे न बघता समोरच्या पाटाकडे बघत राहिले. मग त्यांनीही ओठ घट्ट मिटले, रिकामं तोंड भरल्यासारखे गाल फुगवले आणि म्हणाले, ‘हूं, हूं.’

मी आत जाऊन चहा ठेवला. कप किती मांडायचे ते मी विचारलं नाही, तीन मांडले. बाहेर आणले तेव्हा ताटली माझ्या हातातून काकांनी घेतली. वाढायचं काम ते कोणाकडे सोपवत नाहीत. पहिला कप त्यांनी समोरच्या रिकाम्या पाटापुढे ठेवला, दुसरा मला दिला आणि उरलेला स्वतः घेतला.

‘टेलला आधी,’ ते म्हणाले.